डाव्या पायाची सुटका

मोटार चालविणाराच्या डाव्या पायास पूर्वी उसंत म्हणून नसे. क्लच दाबावा, गिअर बदलावा, क्लच सोडावा. चढावर हे साधले नाही, तर गाडी मागे घसरे. ही तारांबळ थांबविणारे ‘हायड्रामॅटिक’ यंत्र अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत बसविले. दुसऱ्या महायुद्धात ते एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांतही आले.

त्याची रचना मोठी मनोरंजक होती. तेलाने भरलेल्या बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर असत. इंजिन एक पंखा फिरवी आणि तेलाच्या झोताने दुसरा फिरे. पुढे सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी दातेरी चाके असत. तेलाच्याच दाबाने आवळणारे पट्टे व क्लच त्यांतून चार गती निवडीत. पहिल्या गतीत इंजिनाच्या सुमारे पावणेचार फेऱ्यांना बाहेरचा दांडा एक फेरा घेई. चौथीत एकास एक.

अशा यंत्राचा सारा व्यवहार तेलावर चालतो. आजच्या अनेक स्वयंचलित गाड्यांनाही हे लागू आहे. तेल गळून कमी झाले की इंजिन गरगरते, पण गाडी रेंगाळते. गती बदलताना धक्के बसतात. तेल काळे पडून जळका वास येऊ लागला, तर आतील क्लच झिजत असल्याचा संभव असतो. तेव्हा गाडीखाली तेलाचा डाग दिसताच, किंवा गाडी उचल घेण्यास विलंब लावू लागताच, ती कारागिरास दाखवावी. घाटात कुटुंबासह असताना ही परीक्षा होऊ देणे बरे नव्हे.