काडीकिड्यांची वंशावळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या साग-बांबूच्या रानात काडीकिडा हलला तरच सापडतो. नजर चुकवण्यावर ज्याचं जगणं अवलंबून, त्याची वर्गवारी मात्र जवळपास अडीचशे वर्षं नजरेच्याच भरवशावर चालली.

१७५८ मध्ये लिनियसने त्याला नाकतोडे आणि प्रार्थनाकीटकांसोबत एकाच प्रजातीत बसवलं. १७९६ मध्ये लिख्टेनश्टाइनने 'फाझ्मा' ही वेगळी प्रजाती केली. पुढे वेस्टवुडची १८५९ची सूची आली; कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधून वुड-मेसनने जातींची वर्णनं लिहिली. मग १९०६ ते १९०८ या काळात ब्रूनर आणि रेडटेनबाखर यांचा प्रचंड ग्रंथ निघाला. नडगीच्या टोकाखाली छोटा खोलगट भाग आहे की नाही, एवढ्यावरून त्यात काडीकिड्यांची दोन भागांत वाटणी झाली आणि ती बराच काळ टिकली.

डीएनए वाचता येऊ लागला तेव्हा ती मोडली. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरचा जाडजूड बिनपंखी काडीकिडा न्यू गिनीतल्या तसल्याच किड्यांचा जवळचा मानला जाई. २००९ मध्ये कळलं की नातं दूरचं आहे. जमिनीलगतच्या सारख्या राहणीने दोघांना सारखं रूप दिलं होतं. २०१९ मध्ये तर जुन्या जगातले आणि नव्या जगातले, म्हणजे अमेरिका खंडांतले, काडीकिडे अशा दोन मोठ्या शाखा पुढे आल्या. नडगीवरून हे कधीच कळलं नसतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती काडीकिड्यांच्याच भाऊबंदांची, पर्णकीटकांची गोष्ट. रेडटेनबाखरने १९०६ मध्ये नाव दिलेल्या 'नॅनोफिलियम' प्रजातीत फक्त नर माहीत होते, तर न्यू गिनीच्या एका 'फिलियम' जातीत फक्त माद्या. २०१८ मध्ये मॉन्ट्रियलच्या कीटकालयात त्या मादीची अंडी उबली आणि त्यांतून निघालेले नर 'नॅनोफिलियम'चे ठरले! शंभराहून अधिक वर्षं एकाच घरातली माणसं दोन आडनावांनी नांदत होती.

आपल्या देशातला सर्वांत प्रसिद्ध काडीकिडा दक्षिणेतला 'कॅरॉशियस मोरोसस'. सिनेटीने त्याचं वर्णन १९०१ मध्ये केलं. युरोपातल्या प्रयोगशाळांत त्याच्या माद्या नराविनाच पिढ्या वाढवत राहिल्या, म्हणून तिथे नर क्वचितच दिसतो.

नर-मादीची अशी फारकत होत असल्याने चंद्रपूर-गडचिरोलीत मादी सापडली तर नुसता फोटो अपुरा आहे. ती कोणत्या झाडावर होती ते लिहावं, तिची बियांसारखी अंडी जपावीत, कारण त्यांच्या आकारावरूनही जात ओळखायला मदत होते. आणि आसपास नर दिसला तर त्याची नोंदही तिच्यासोबतच ठेवावी.