भाड्याची वास्तू आणि अवचित नुकसान

पेढीवरील शिल्लक वास्तूत गुंतविण्याची आपल्या व्यापारी कुटुंबांची रीत जुनी आहे. भाव उतरतात, उधारी बुडते. परंतु पेठेतील गाळा पिढ्यान्‌पिढ्या भाडे देतो, असा आपला भरवसा असतो. तथापि पाणी, आग व वारा यांचे भय धान्याइतकेच वास्तूलाही आहे, हे बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठच्या पेठांना २०१९ च्या पुराने चांगलेच दाखवून दिले.

त्या ऑगस्टमध्ये घटप्रभेचे पाणी आम्ही भाड्याने दिलेल्या वखारीत शिरले व मागची भिंत खचली. अशा वेळी पहिला विचार मालाचा नव्हे, माणसांचा करावा. भिंतीला तडा दिसताच हमालांना आत जाऊ देऊ नये; विजेचा प्रवाह बाहेरून बंद करवावा. ढिगारा उपसण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीस विनाविलंब लेखी कळवावे. सर्वेक्षक येण्यापूर्वी अवशेष हलविले, तर नुकसान सिद्ध करणे कठीण जाते.

विम्याची रक्कम ठरविताना जागेचा बाजारभाव नव्हे, तर इमारत पुन्हा बांधण्याचा खर्च धरावा. जमीन पुरात वाहून जात नाही. चाळीस लाखांची इमारत वीस लाखांना उतरविली आणि आठ लाखांची हानी झाली, तर सरासरीच्या कलमान्वये हाती चारच लाख पडतात. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घरांच्या विम्यात ही कपात नाही. दुकाने व वखारींच्या विम्यात मात्र ती संभवते. तसेच हळूहळू झालेली झीज विमा भरून देत नाही. कौले शाकारणे व पन्हळी साफ ठेवणे हे मालकाचेच काम होय.

दुरुस्तीत घाई नसावी. भिजलेली मातीची वा चुन्याची भिंत पुरती वाळण्यापूर्वी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आतच कोंडते व भिंत पोखरली जाते.

सर्वांत नाजूक प्रश्न भाडेकरूचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात निराळे ठरले नसल्यास, पूर वा आगीने जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा जागा कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूस करार सोडता येतो. मात्र हानी त्याच्याच दोषाने झाली असल्यास नाही. आमची वखार दुरुस्त होण्याजोगी होती. म्हणजे केवळ कायद्याकडे बोट दाखवून आम्हांस पुरे भाडे मागता आले असते. परंतु भाडेकरूची डाळीची पोती भिजून फुगली होती आणि त्याच्या घेणेकऱ्यांचा तगादा सुरू झाला होता. भिंत उभी राहीपर्यंतचे तीन महिन्यांचे भाडे आम्ही सोडले व तसे लिहून दिले. तो आजही त्याच वखारीत आहे, आणि रिकाम्या वखारीचे एक वर्ष तीन महिन्यांच्या भाड्याहून महाग पडते, हा हिशेब कोणाही व्यापाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून सदस्यबंधूंनी नवा भाडेकरार करतानाच दुरुस्ती कोणी करावी, जागा बंद असता भाड्याचे काय, आणि इमारतीचा व मालाचा विमा कोणी उतरवावा, या तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. संकट ओढवल्यावर शब्दांवरून वाद होतात. आधी लिहिलेला कागद मात्र दोन्ही घरांचा स्नेह राखतो.