केरसुणी फिरवण्याआधी

जूनमधला पहिला दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात पारदर्शक पंखांचा खच पडलेला असतो. रात्री दिव्याभोवती भिरभिरणारी ती वाळवीच. पंख गळाले म्हणजे वाळवी मेली, असं धरून आपण केर भरतो. पण पंख ती आपणहून टाकते. जुन्या वसाहतीतून नवा संसार थाटायला निघालेले हे नर-मादी असतात. त्यातले बहुतेक पाली, पाखरं आणि मुंग्यांच्या पोटात जातात, मूळ वसाहत मात्र जमिनीत किंवा लाकडात शाबूत राहते. त्यामुळे केरावर रॉकेल ओतून रॉकेलच वाया जातं.

पंख कुठे पडलेत, हे मात्र आधी पाहावं. बाहेरच्या दिव्याखाली असतील तर वाळवी बहुधा अंगणातून उजेडाला आली. खिडक्या बंद असलेल्या खोलीत, दाराच्या चौकटीपाशी सापडले तर उगम घरातच असण्याची शक्यता मोठी. उडत्या मुंग्यांशीही गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असते. चार पंख कागदाच्या पुडीत ठेवावेत, पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवायला उपयोगी पडतात.

‘झुरळ चिरडू नका, अंडी पसरतात’ हा समज तर घरोघरी ऐकू येतो. झुरळाची अंडी सुटी नसतात. ती कडक, तपकिरी कोशात बंद असतात. स्वयंपाकघरातल्या लहान जर्मन झुरळाच्या कोशात साधारण 30 ते 40 अंडी असतात आणि मादी तो पिल्लं निघायची वेळ येईपर्यंत अंगावर वागवते. गटारातून येणारं मोठं, लालसर झुरळ एखाद-दोन दिवसांत कोश कुठल्यातरी फटीत चिकटवून मोकळं होतं. त्यात 14 ते 16 अंडी. काळजी करायची ती या न फुटलेल्या कोशाची, कारण फवारा त्याच्या आत सहसा पोचत नाही. ‘फवारणी करूनही महिन्या-दोन महिन्यांत पिल्लं दिसली’ या तक्रारीचं एक कारण हेच. कोश दिसला तर कागदात दाबून फोडावा आणि मग टाकावा.

मेलेल्या झुरळाचा सूड घ्यायला बाकीची येतात, हेही खरं नाही. येतात त्या मुंग्या, खायला. झुरळंही आपल्या मेलेल्या भाईबंदांना खातात. जेल खाऊन मेलेल्यातलं विष अशा रीतीने इतरांपर्यंत जातं.

मेलेला किडा निरुपद्रवी, असं समजून कोरडा झाडू मारणं मला सर्वांत मोठी चूक वाटते. झुरळाच्या विष्ठेत, कातीत आणि शरीरात असलेल्या प्रथिनांनी ॲलर्जी होते, दम्याच्या मुलांना तर विशेष त्रास होतो. झाडूने त्याचा भुगा हवेत उडतो. फिनाइल शिंपडल्याने वास येईल, जंतूही मरतील, पण ती प्रथिनं तिथेच राहतात. पंखा बंद करून, तोंडाला रुमाल बांधून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपून घ्यावं.

मधमाशी नुकतीच मेलेली असली तरी तिचा काटा टोचू शकतो. काटेरी सुरवंटाचे केस तो मेल्यावरही खाज आणतात. पावसाळ्यात ट्यूबलाइटला येणारा, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, काळ्या-केशरी पट्ट्यांचा लांबट किडा चावत नाही. पण तो अंगावर चिरडला की त्यातल्या द्रवाने दिवसाभरात भाजल्यासारखा चट्टा उठतो. ‘कोळी फिरला’ म्हणून आपण मोकळे होतो, बिचाऱ्या कोळ्याचा काही संबंध नसतो. असा किडा फुंकर मारून उडवावा, चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवावी.

अंगणातले किडे झाडाच्या बुंध्याशी टाकले तर छान कुजतात. विषारी फवाऱ्याने मेलेले मात्र कोंबड्यांपुढे टाकू नयेत. ते पुडीत बांधून कचरागाडीत द्यावेत.