कोयत्याबरोबर फिरणारी बाळंतीण

दिवाळीच्या सुमारास अंबड-घनसावंगीकडची ऊसतोड जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांत गरोदर बायकाही असतात. २०११च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, गाडी सगळं मोफत. तरी बाया येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाने आगाऊ दिलेली उचल आठवावी. खाडा झाला की पैसे कापले जातात. तपासणी फुकट असते, दिवस नसतो.

बाळंतपणानंतरचा काळ तर आणखी नाजूक. आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन, ताप, दूध ओढणं पाहायचं असतं. यामागे गडचिरोलीचा अनुभव आहे. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरोघरी काळजी घेतल्यावर नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पण आशाची यादी गावापुरती. ऊसतोडीच्या ठिकाणी कोपीत, म्हणजे झोपडीत राहणारी बाळंतीण आपल्या गावच्या यादीतून सुटते आणि कारखान्याकडच्या गावाच्या यादीत चढत नाही. फिरत्या माणसांना शोधायचं कसं, हा आक्षेप मला तरी लटका वाटतो. कोणतं जोडपं कुठल्या कारखान्यावर, हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं. उचल त्यावरच तर वसूल होते.