टबातले कमळ आणि बोअरचे मीठ

वऱ्हाडात पाणबागेचा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: प्यायच्या पाण्याची ओरड आणि तुम्ही कमळे लावता? आक्षेप रास्त वाटतो, पण आकडे मांडले की बराच हलका होतो. दोन फूट व्यासाच्या टबात पाण्याचा पृष्ठभाग पाव चौरस मीटरहून थोडा अधिक असतो. बडनेऱ्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. अशा उन्हात दिवसाला 1 सेंटिमीटर पाणी उडते असे धरले, तरी ते तीन लिटरांच्या आतच राहते. घरातला कुलर एका दुपारीच याहून कितीतरी अधिक पितो. तेव्हा पाणी किती लागते यापेक्षा कोणते पाणी ओततो, हे महत्त्वाचे. आणि आपल्याकडची बरीच कमळे इथेच फसतात असे माझे मत आहे.

वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार टबातच उरतात. एक फूट खोल पाण्याच्या या टबात सुमारे 85 लिटर पाणी मावते आणि वरच्याच दराने महिन्याभरात जवळपास तेवढेच उडून जाते. म्हणजे रोज बोअरचे पाणी ओतून टब काठोकाठ ठेवणाऱ्याने महिन्याअखेर क्षार दुप्पट केलेले असतात, दोन महिन्यांत तिप्पट. पानांच्या कडा करपतात, आपण उन्हाला दोष देतो आणि आणखी पाणी ओततो. बोअरचे पाणी गोडे असेल तर हे काही काळ खपते. पण बडनेऱ्याच्या पश्चिमेला, भातकुली-दर्यापूरकडे, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे; अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल मुळातच खारे. तिथे दुप्पट म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

उपाय छपरावर आहे. मार्च ते जून या 120 दिवसांसाठी रोजचे तीन लिटर धरले तर 360 लिटर लागतात, म्हणजे 200 लिटरचे दोन ड्रम. दहा चौरस मीटर छपरावर 40 मिलिमीटर पाऊस पडला की दोन्ही भरतात. एका दमदार सरीचे काम. ड्रम झाकलेले हवेत. टबातल्या डासांसाठी गप्पी मासे पुरतात, फक्त ते तळ्यात सोडू नयेत. बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर नुसते ओतू नये. अधूनमधून अर्धे पाणी काढून सड्याला वापरावे आणि मग भरावे.

कोणी म्हणेल, पुस्तकांत हे कुठे असते? बहुतेक ठिकाणी नसतेच, कारण आधुनिक पाणबागेचे शास्त्र थंड देशांत घडले. फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक यांनी 1875 मध्ये रोपवाटिका काढून थंडी सोसणाऱ्या रंगीत कुमुदांचे संकर केले. चित्रकार मोने यांच्या जिव्हर्नीच्या तळ्यातली कुमुदे तिथलीच. त्यांची चिंता हिवाळ्यातल्या बर्फाची, आपली मे महिन्याची. मातीच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. कुंडीच्या हलक्या, कुजक्या मिश्रणापेक्षा चिकण काळी माती बरी: ती तळाशी बसते, पाणी गढूळ करत नाही. कंद आडवा ठेवावा आणि कोंब मातीबाहेर राहू द्यावा. ऊन निदान पाच-सहा तास हवे.

‘मग जलपर्णीच लावू, ती काहीही सोसते’ हा युक्तिवाद सोयीचा, पण घातक आहे. ती इथे शोभेचे फूल म्हणूनच आली आणि तळी गिळून बसली. पूर्व विदर्भात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर मच्छीमारांसह तलावांतली बेशरम ही अशीच उपद्रवी वनस्पती उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. उपद्रवी झाड काढायला किती हात लागतात, ते त्यांना विचारावे.

दिवाळीनंतर कमळाची पाने पिवळी पडू लागतील. कंद मेला असे समजून टब उलटा करू नका. माती ओली ठेवा, आणि फेब्रुवारीत नवी पाने दिसली की ड्रममधले पावसाचे पाणी काढायला सुरुवात करा.