६६ टक्के साप

सोन्याचा भाव कॅरटवर ठरतो आणि दुधाचा फॅटवर, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु जिवंत सापाच्या डबीवर '६६ टक्के' असे लिहितात आणि त्या आकड्यापायी गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते, असे कोणी मला सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. यंदाच्या मे महिन्यात भाच्याकडे अमेरिकेत ओहायओला गेलो आणि ते प्रत्यक्षच पाहिले.

भाचा नोकरी करतो संगणकाची. हौस मात्र सापांची. घराच्या तळघरात फडताळासारखी मांडणी, तिच्यात चाळीसएक खण आणि खणाखणांत साप! सौभाग्यवतींनी तळघराचा जिना उतरायलाही साफ नकार दिला. मी उतरलो, पण दाराशीच थबकलो. "मामा, घाबरू नकोस. हे आपल्या धामणीच्या गोतातले," असे म्हणत त्याने एक तांबूस वेटोळे माझ्या हातावर ठेवले. साप ओला, बुळबुळीत असतो ही माझी चाळीस वर्षांची समजूत. हा तर कोरडा आणि तुळतुळीत निघाला.

या सापाला कॉर्न स्नेक म्हणतात, म्हणजे मक्याचा साप. अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना या राज्यांत त्याचे माहेर. पोटावरच्या काळ्यापांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले, असे काहीजण सांगतात. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून पडले, असे दुसरे म्हणतात. लिनीअसने १७६६ मध्येच त्याची शास्त्रीय नोंद केली आहे. साप बिनविषारी, लांबी चारपाच फूट, भक्ष्याला विळख्यात आवळून मारायची रीत. अंग नारिंगी, त्यावर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला काळी किनार. बिचाऱ्याचे दुर्दैव असे की, हा पेहराव कॉपरहेड नावाच्या विषारी सापासारखा वाटतो आणि त्यापायी पुष्कळ कॉर्न स्नेक नाहक मारले जातात.

रंगांच्या धंद्याची कथा सुरू होते ती १९५३ मध्ये. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनात एक विलक्षण नर सापडला. अंगावर काळ्याचा लवलेश नाही, डोळे माणकासारखे लाल. जॉर्जियातील व्हाल्डोस्टा गावचे डॉ. बर्नार्ड बेक्टेल हे पेशाने त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी या नराचा वंश वाढवला. पहिल्या पिढीची पिल्ले चारचौघांसारखीच निघाली. दुसरा कोणी तिथेच हात टेकता. पण या दांपत्याने धीर धरला आणि १९६१ मध्ये अंड्यांतून बिनकाळ्या रंगाची पिल्ले बाहेर पडली. १९६२ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला.

इतकी वर्षे का लागली? मादी व्यायला योग्य कधी, याचा पाळणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : वय तीन वर्षे, लांबी तीन फूट, वजन तीनशे ग्रॅम. नातवंडे बघायची तर सहाएक वर्षे गेलीच!

मधल्या पिढीत तो रंग गेला कुठे? मी पडलो मराठीचा मास्तर, तेव्हा भाच्याचे जनुकशास्त्र मी व्याकरणातून समजून घेतले. वाक्यात एखादा शब्द अध्याहृत असतो. लिहिलेला नसतो, पण अर्थात असतो. तसाच हा गुण. आई आणि बाप, दोघांकडून आला तरच तो अंगावर उमटतो; एकाकडूनच आला तर अध्याहृत राहतो. आईबाप दोघेही असे अध्याहृतवाले असले, तर चार पिल्लांमागे सरासरीने एक बिनकाळे निघते. उरलेली तीन दिसायला सारखी. पण त्यांतल्या दोघांच्या अंगी तो गुण दडलेला असतो आणि एकाच्या नसतो. ते दोघे कोणते, हे साप सांगत नाही. म्हणून तिघांच्याही डबीवर लिहायचे, '६६ टक्के'!

जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये या गुणाचे मूळही शोधले. ओसीए-२ नावाच्या जनुकात एक उपरा तुकडा घुसलेला असतो, म्हणून काळे रंगद्रव्य तयार होत नाही. याच जनुकात बिघाड झाला की माणसाचे मूलही फिकट केसांचे आणि फिकट कातडीचे जन्मते. कातडीच्या डॉक्टरने या सापाच्या मागे लागावे, यात मोठेच औचित्य होते म्हणायचे!

पुढे तांबडा रंग नसलेले, करडे सापही सापडले. दोन्ही उणिवा एकाच सापात एकत्र आल्या तेव्हा गुलाबीसर पांढरा साप जन्मला आणि त्याचे नाव पडले 'स्नो', म्हणजे बर्फ. दोन्ही गुण दडवून असलेल्या जोडप्यापासून असे पिल्लू सरासरीने सोळांत एक निघते. मग 'बटर' आला, 'लॅव्हेंडर' आला, ठिपक्यांच्या जागी पट्टे असलेले आले. लुगड्यांच्या दुकानात मोसमागणिक नवी नावे निघतात, त्यातलाच प्रकार. आणि भावाची तऱ्हाही तीच. नवा रंग निघाला की हौशी लोक त्यावर तुटून पडतात. चारसहा वर्षांत तो घरोघर पैदा होतो आणि भाव कोसळतो. बेक्टेल दांपत्याने ज्याची आठ वर्षे वाट पाहिली, तो बिनकाळा कॉर्न स्नेक आज अगदी स्वस्तात मिळणाऱ्यांपैकी आहे.

एवढ्यावरून हा आयता पैसा आहे असे कोणी समजू नये. हिवाळ्यात दोनतीन महिने सापांना थंड जागी उपाशी ठेवायचे, वसंतात जोड्या लावायच्या. मादी ओलसर शेवाळात पंधरावीस अंडी घालते. ती उचलून ऊब धरणाऱ्या पेटीत साधारण २८ अंशांवर दोन महिने सांभाळायची. निघालेले पिल्लू पेन्सिलीएवढे. आठदहा दिवसांनी ते पहिली कात टाकते आणि त्यानंतर उंदराचे नवजात पिल्लू खाते; काही हट्टी त्यालाही तोंड लावत नाहीत. चारदोन वेळा नीट जेवल्याशिवाय पिल्लू विकू नये, असा सचोटीच्या माणसाचा दंडक. मग त्याची रवानगी झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत होते. आपल्याकडे जीत पावशेर श्रीखंड मिळते, तशी ती डबी.

ही हौस मुंबईच्या विमानतळापर्यंतही येऊन पोचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक पकडले गेले. आपले नाग, धामण, अजगर घरी बाळगणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणा चिरंजीवांनी हट्ट धरला, तर पालकांनी मला जबाबदार धरू नये!

आम्ही परत आलो तेव्हा भाच्याची अंडी पेटीत होती. नागपंचमीच्या दिवशी आईने पाटावर चंदनाचे नाग काढले होते, स्वयंपाकघरात पुरणाची दिंडे उकडत होती, आणि भाच्याचा फोन आला. सोळांतली पंधरा अंडी फुटली होती. फोनच्या पडद्यावर अंड्यांतून इवलीशी तोंडे डोकावत होती. आजी कौतुकाने पाहत राहिली. भाचा मात्र गप्प होता.

आठवड्याने कारण कळले. पंधरांपैकी चार पिल्लांची डोकी उलटी वळत होती. सरळ सरपटायला गेली की ती कोलमडत. या व्याधीला तिकडे 'स्टारगेझर' म्हणतात, म्हणजे तारे पाहणारा. नाव कवीचे, दुखणे मेंदूचे. हा दोषही त्या रंगासारखाच अध्याहृत राहतो. 'सनकिस्ड' नावाच्या एका रंगाच्या वंशातून तो पसरला. नवा रंग लवकर वाढवायचा म्हणून जवळच्या नात्यात जोड्या लावल्या, की रंगाबरोबर असे दोषही हातात हात घालून वर येतात.

म्हणजे भाच्याच्या नरात आणि मादीत, दोघांतही तो दडलेला होता. मागल्या दोन वर्षांत त्या दोघांची इतर जोड्यांपासून झालेली पिल्ले त्याने विकली होती. त्यांतल्या निम्म्यांत तरी दोष असण्याचा संभव. मी म्हटले, "अरे, तुला काय माहीत होते?" तो म्हणाला, "मामा, मी लोकांकडून न दिसणाऱ्या गोष्टीचेच पैसे घेतो ना? मग न दिसणाऱ्या दोषाचे परत द्यायला नकोत?"

त्याने वही काढली आणि एकेका गिऱ्हाइकाला पत्र घातले : पैसे परत घ्या, साप हवा तर ठेवा, पण त्याचा वंश वाढवू नका. काहींनी पैसे घेतले, काहींनी चार शब्द सुनावले. एका शाळकरी मुलीने कळवले, 'माझ्या सापाला मी आवडते. पैसे नकोत.' आजारी चौघांना तो अजून स्वतः चिमट्याने भरवतो.

उरलेली अकरा पिल्ले दिसायला निरोगी आणि देखणी आहेत. परवा त्याने त्यांच्या डब्यांचे छायाचित्र पाठवले. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत दोषाचे नाव, त्यापुढे '६६ टक्के', आणि खाली एक ओळ : पाळण्यासाठी, वंशासाठी नव्हे. भाव लिहायची जागा त्याने कोरीच ठेवली होती.