असिस्टंट कोचची शिडी कॉलेजात नसते

मागच्या भागानंतर कन्नमवार नगरमधून एका मुलाचा मेसेज आला. बीकॉम झालंय, कॉलेजच्या फुटबॉल टीमचा असिस्टंट कोच आहे, आणि घरचे म्हणतायत, आता नोकरी बघ. त्याचा प्रश्न सरळ होता : "दादा, यात पुढे काय आहे?" मीही विक्रोळीचाच, कोड लिहून पोट भरणारा. 'पॅशन फॉलो कर' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण प्रश्न त्याच्या घरखर्चाचा आहे, म्हणून जरा नीट बघितलं.

आधी एक गोंधळ दूर करू. 'कॉलेज फुटबॉल असिस्टंट कोच' असं गूगल केलंत तर सगळं अमेरिकेचं येतं. तो खेळच वेगळा, अंडाकृती चेंडूचा. तिथे कॉलेजातच अख्खी शिडी आहे : ग्रॅज्युएट असिस्टंट, मग एखाद्या पोझिशनचा कोच, मग कोऑर्डिनेटर, मग हेड कोच.

आपल्याकडे कॉलेजात कायमचं पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्याला ५५ टक्क्यांनी एमपीएड आणि नेट किंवा सेट लागते. कोच बहुतेक ठिकाणी सीझनपुरता, मानधनावर. म्हणजे असिस्टंटचा हेड कोच झालास, तरी घर चालेलच असं नाही.

मग शिडी कुठाय? लायसन्समध्ये. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डीपासून सुरुवात करायची. वरच्या कोर्सला जाताना मधल्या काळात टीम सांभाळल्याचा अनुभव लागतो, आणि कॉलेजची टीम कामाला येते ती इथे. सरकारी कोचच्या नोकरीकडे डोळा असेल, तर पटियालाच्या एनआयएसचा डिप्लोमाही बघून ठेव.

आता आपल्याच मुंबईतलं उदाहरण. खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळले, २००९ मध्ये मुंबई एफसीचे कोच झाले. २०१७ मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. आणि एवढं करूनही पुढे नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते असिस्टंट होते! जानेवारी २०२१ मध्ये हेड कोचला काढलं, टीम यांच्याकडे आली आणि त्यांनी ती सेमीफायनलला नेली. त्याच वर्षी ते आयएसएलमधले पहिले भारतीय कायमस्वरूपी हेड कोच झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये थेट भारताचे.

गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये एफसी गोवाची जबाबदारी अशीच मध्येच अंगावर आली, आणि टीमने लीग शील्ड जिंकली. २०२३ मध्ये ओडिशा एफसीचे हंगामी कोच म्हणून सुपर कप.

यात एक कडू गोष्ट आहे. असिस्टंटची संधी बऱ्याचदा दुसऱ्याची नोकरी गेल्यावर येते. कधी येईल ते आपल्या हातात नसतं. त्या दिवशी लायसन्स खिशात आहे का, एवढंच आपल्या हातात.

म्हणून मित्रा, माझं उत्तर असं. नोकरी धर, पण संध्याकाळ मोकळी राहील अशी. या वर्षी डी लायसन्स कर. कॉलेजसोबत एखाद्या अकादमीत लहान मुलांचा ग्रुप घे. आणि कॉलेजकडून अनुभवाचं पत्र, तारखांसकट, आत्ताच लिहून घे. प्राचार्य बदलले की ते मिळवताना नाकी नऊ येतात.

घरच्यांना 'मी कोच होणार' एवढंच सांगू नकोस. कुठलं लायसन्स, कधीपर्यंत, हे कागदावर लिहून दाखव. त्यांना विरोध खेळाला नसतो, अंदाज नसण्याला असतो.

चला, भेटू पुढच्या भागात.